धुळीपलीकडचा वायू आणि आमच्या लॅबमधली ठिणगी

बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये मी काम करतो. भट्टीत लोखंड वितळलं की साच्यात ओतण्याआधी त्यातलं चमचाभर काढून त्याची नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती पाडतात. चकती घासून सपाट करायची, स्पेक्ट्रोच्या (धातूत काय किती आहे ते प्रकाशावरून सांगणाऱ्या यंत्राच्या) तोंडावर बसवायची आणि बटण दाबायचं. चर्र असा आवाज येतो, आत ठिणग्या पडतात आणि थोड्या वेळात पडद्यावर आकडे उमटतात: कार्बन इतका, सिलिकॉन इतका, मँगनीज, गंधक, फॉस्फरस. तोवर भट्टीवरचे मामा दारात येऊन उभे असतात. "सार, हीट सोडू काय?" हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेलं लोखंड.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा असते, सगळ्यांची घरची माणसं येतात. गेल्या वेळी मामांची मुलगी आली होती, अकरावी सायन्सची. मशीनला हार घालून झाल्यावर तिने विचारलं, "काका, आकाशगंगेच्या मधोमध काय आहे ते तिथं न जाता कसं कळतं? बाईंनी सांगितलं इन्फ्रारेडने कळतं. पण कसं?" मी एक जुनी चकती घेऊन तिच्यासमोर ठिणगी पाडली. उत्तर तिथूनच सुरू होतं. मात्र ते संपायला पूजेचा प्रसाद वाटून होईपर्यंत वेळ लागला. ते सगळं इथं नीट मांडतो.

स्पेक्ट्रो काय करतं? ठिणगीने चकतीच्या पृष्ठभागावरचे थोडे अणू वाफ होऊन तापतात आणि प्रकाश देतात. प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला की त्या दोन पायऱ्यांमधल्या फरकाएवढा प्रकाश बाहेर पडतो, त्याच तरंगलांबीचा, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. प्रकाश पसरून पाहिला की त्या जागी एक बारीक उजळ रेष दिसते. लोखंडाच्या पायऱ्या वेगळ्या, कार्बनच्या वेगळ्या. म्हणून रेषांची जागा पाहून मूलद्रव्य ओळखता येतं आणि रेषेच्या तेजावरून ते किती आहे ते. बेळगावच्या भट्टीतल्या लोखंडाच्या पायऱ्या आणि २७ हजार प्रकाशवर्षांवरच्या लोखंडाच्या पायऱ्या सारख्याच आहेत. ही एक गोष्ट पटली की पुढचं सगळं सोपं आहे.

२७ हजार प्रकाशवर्षं, कारण आपल्या आकाशगंगेचा मध्य साधारण तेवढा लांब आहे. दिशा सांगायची तर विंचवाची नांगी शोधा, म्हणजे आपलं मूळ नक्षत्र. हात लांब करून मूठ धरली तर नांगीपासून जवळजवळ एका मुठीइतकं उत्तरेला, किंचित पूर्वेकडे. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी सातच्या सुमारास राजहंसगडावरून नैर्ऋत्येला ही जागा चांगली वर असते. पण डोळ्यांना तिथे मध्य दिसत नाही आणि साध्या प्रकाशात बघणाऱ्या कितीही मोठ्या दुर्बिणीलाही दिसत नाही. मधे धूळ आहे.

ही धूळ रस्त्यावरच्या धुळीसारखी जाड नाही. कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे, सिलिकेटचे आणि कार्बनचे. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे कणांच्या आकाराच्या जवळपासची. त्यामुळे तो प्रकाश कणांवर विखुरतो आणि शोषला जातो. आकाशगंगेच्या मध्यातून निघालेल्या दर एक लाख कोटी दृश्य प्रकाशकणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. तरंगलांबी वाढवून २.२ मायक्रॉनवर गेलं, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात, तर साधारण दहातला एक पोचतो. एवढा हा फरक आहे.

इथं बरेच जण धुक्याचं उदाहरण देतात. मला ते पटत नाही. चोर्ला घाटात उतरणाऱ्या धुक्याचे थेंब चांगले दहा-दहा मायक्रॉनचे असतात, त्यांच्यापुढे जवळचा अवरक्त प्रकाशही अडखळतो. खरं उदाहरण आपल्याकडच्या धुराचं आहे. चिकोडी-अथणीकडे ऊसतोड झाल्यावर पाला पेटवतात, तेव्हा त्या धुरातून मावळता सूर्य लालभडक दिसतो. धुराचे कण बारीक असतात, निळा प्रकाश त्यांच्यात हरवतो, लांब तरंगांचा लाल बराचसा निसटून येतो. लालच्याही पलीकडे जा, तो आणखी सहज येईल. आकाशगंगेच्या मध्याकडे बघताना नेमकं हेच करतात.

लालच्या पलीकडे काहीतरी आहे हे १८०० साली विल्यम हर्शेल यांना कळलं. त्यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पसरवून प्रत्येक रंगात तापमापी ठेवली, आणि लाल रंगाच्या बाहेर, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथंही पारा चढला. आता आपल्या भागाशी जोडलेली गोष्ट. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजापूर-जमखंडीवरून गेली. पटवर्धनांच्या संस्थानातलं जमखंडी, आज बागलकोट जिल्ह्यात, आपल्या अथणी तालुक्याला लागून. तिथं वर्णपटदर्शक (प्रकाश पसरून त्यातल्या रेषा दाखवणारं यंत्र) घेऊन एक तरुण लेफ्टनंट थांबले होते, जॉन हर्शेल, विल्यम हर्शेल यांचे नातू. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमध्ये त्यांना तीन उजळ रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत हे सिद्ध झालं. यांतली नारिंगी रेष पुढे हेलियमची ठरली, आणि हेलियम पृथ्वीवर हाती लागलं ते १८९५ मध्ये. आजोबांनी अवरक्त शोधलं, नातवाने जमखंडीत वायूच्या रेषा पाहिल्या. या लेखात ज्या दोन गोष्टी एकत्र येतात, त्या त्या घरात आधीच आल्या होत्या. जमखंडीच्या शाळांमध्ये हे मुलांना सांगितलं जावं असं मला फार वाटतं.

पुन्हा लॅबमध्ये येऊ. आमचं स्पेक्ट्रो ठिणगी पाडण्याआधी आत आर्गॉन वायू सोडतं. कारण कार्बन, गंधक, फॉस्फरस यांच्या ज्या रेषा आम्ही वाचतो त्या अतिनील भागात आहेत, आणि हवेतला ऑक्सिजन त्या गिळून टाकतो. हवा हटवली नाही तर गंधक आहे की नाही तेच कळणार नाही. खगोलशास्त्रज्ञांची अडचण हीच, फक्त दुसऱ्या टोकाला. अवरक्तातला बराच भाग आपल्या वातावरणातली वाफ गिळते. काही खिडक्या उघड्या आहेत, २.२ मायक्रॉनजवळ एक, ८ ते १३ मायक्रॉनची एक. पण ऑक्सिजनची ६३ मायक्रॉनची रेष किंवा कार्बनची १५८ मायक्रॉनची रेष जमिनीवर पोचतच नाही. ते वातावरणात आर्गॉन सोडू शकत नाहीत, म्हणून स्वतः वर जातात. अमेरिकेची कायपर वेधशाळा १९७४ ते १९९५ एका विमानात बसवलेली होती, बारा-तेरा किलोमीटर उंचीवर उडणारी. नंतर सोफिया नावाची अडीच मीटर दुर्बीण बोइंग ७४७ मधून उडाली, २०२२ पर्यंत. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटरची दुर्बीण हैदराबादहून बलूनला बांधून तीस किलोमीटरच्या आसपास नेली आणि जपानी उपकरण लावून तारे जन्मणाऱ्या ढगांमधली कार्बनची तीच १५८ मायक्रॉनची रेष मोजली. आणि २५ डिसेंबर २०२१ ला निघालेली जेम्स वेब दुर्बीण तर १५ लाख किलोमीटर लांब जाऊन बसली आहे.

वर जाऊनही उष्णतेची अडचण उरते. आपल्या अंगाएवढ्या तापमानाची कुठलीही वस्तू १० मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जास्त तळपते. म्हणजे दुर्बिणीचा आरसा, छप्पर, आकाश, शेजारी उभा माणूस, सगळंच. पेटत्या भट्टीच्या तोंडाशी उभं राहून समोरच्या डोंगरावरचं निरांजन बघायला सांगावं तसं आहे हे. म्हणून प्रकाश टिपणारे शोधक द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवतात. शिवाय दुर्बीण पटापट आळीपाळीने लक्ष्यावर आणि शेजारच्या रिकाम्या आकाशावर नेऊन एकातून दुसरं वजा करतात.

या तयारीनिशी कॅलिफोर्नियात चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एक रेष धरली: निऑनची, १२.८ मायक्रॉनची. टाउन्स म्हणजे मेसर-लेसरच्या पायाभूत कामासाठी १९६४ चं नोबेल मिळवलेले. ही रेष योगायोगाने ८ ते १३ च्या खिडकीच्या काठावर बसते, जमिनीवरून दिसते. दुकानांच्या पाट्यांवरच्या तांबड्या दिव्यातला निऑन तोच, पण ही रेष त्या दिव्यात मिळणार नाही. कारण मला फार आवडतं. एक इलेक्ट्रॉन गमावलेला निऑनचा अणू ही रेष देण्याआधी सरासरी दोन मिनिटं थांबतो. कार्बन तर १५८ मायक्रॉनची रेष द्यायला सरासरी पाच दिवस घेतो. आपल्या हवेत अणू-रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा एकमेकांना धडकतात, दोन मिनिटं स्वस्थ बसायला कुणाला मिळतंय? धडकेतच ती ऊर्जा जाते. आकाशगंगेच्या मध्यातला हा वायू मात्र इतका विरळ आहे की घनसेंटिमीटरला हजारो, फार तर लाखभर कण. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं इतके असतात. म्हणजे ही रेष दिसली यातूनच वायू किती विरळ आहे याचा अंदाज येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या लॅबचा एसी बंद पडला की स्पेक्ट्रो तापतं, आतले भाग किंचित प्रसरण पावतात आणि रेषा आपल्या जागेवरून जराशा सरकतात. मग प्रमाणित चकती लावून मशीन पुन्हा जाग्यावर आणावं लागतं, तोवर एकही हीट पास करत नाही. आमच्याकडे रेष सरकली की मशीनमध्ये दोष. टाउन्स यांच्याकडे यंत्र जागच्या जागी होतं आणि तरीही निऑनची रेष सरकलेली दिसत होती, तीही मध्याच्या एका बाजूला एकीकडे आणि दुसऱ्या बाजूला उलट. प्रकाश देणारा वायू आपल्याकडे येत असेल तर तरंग दाबले जातात, रेष लघु तरंगांकडे सरकते. दूर जात असेल तर ताणले जातात, रेष लांब तरंगांकडे सरकते. किती सरकली यावरून वेग मिळतो. सेकंदाला २६० किलोमीटर वेग असेल तर १२.८१ मायक्रॉनची रेष ०.०११ मायक्रॉनने हलते. एवढं बारीक सरकणं त्यांनी जागोजागी मोजलं, आणि २६० च्या आसपासचे वेग त्यांना सापडले. निऑनच्या जागी दुसऱ्याच कुठल्या मूलद्रव्याची रेष असेल, ही शंका रास्त आहे. पण त्याच वायूतल्या हायड्रोजनच्या, हेलियमच्या रेषाही त्याच प्रमाणात सरकलेल्या असतात, आणि तेवढ्यावर शंका मिटते.

वेग कळला की वजन काढता येतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि अंतर एक खगोलीय एकक (पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर). हे आपलं माप धरा. वेग दुप्पट असेल तर मधलं वजन चौपट लागतं, अंतर दुप्पट असेल तर दुप्पट. आकाशगंगेच्या मध्याभोवती वायूचं आणि धुळीचं एक कडं आहे. त्याची आतली कड मध्यापासून साधारण ५ प्रकाशवर्षांवर, आणि तिथला वायू सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने फिरतो. कायपर विमानातून ऑक्सिजनच्या ६३ मायक्रॉनच्या रेषेने हे फिरणं मोजलं गेलं. त्या चमूत टाउन्स यांच्यासोबत राइनहार्ट गेंझेल नावाचे तरुण संशोधक होते, त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल. आता गणित: ११० भागिले ३० म्हणजे ३.६७, त्याचा वर्ग साधारण १३.४. पाच प्रकाशवर्षं म्हणजे सुमारे ३ लाख १६ हजार खगोलीय एककं. दोन्हींचा गुणाकार ४२ लाख. कड्याच्या आत ४२ लाख सूर्यांइतकं वजन! मामांच्या मुलीने हे मोबाइलवर स्वतः करून पाहिलं आणि दोनदा तपासलं.

त्यातलं काही वजन तिथल्या ताऱ्यांचं आहे. पण अजून आत, निऑनचा वायू जिथं आहे तिथंही वजन फार कमी होत नव्हतं. १९८० साली टाउन्स यांच्या गटाने लिहिलं की मध्यात काही दशलक्ष सूर्यांचं वजन अगदी थोड्या जागेत असावं, बहुधा कृष्णविवर.

पुष्कळांनी हे मानलं नाही, आणि त्यांचं न मानणं चूक नव्हतं. वायू हलका आहे. त्याला फक्त गुरुत्वाकर्षण ओढत नाही. जवळच्या मोठ्या ताऱ्यांचे वारे त्याला ढकलतात, चुंबकीय क्षेत्र त्याला वळवतं, दोन ढग आदळले की वेग बदलतो. पश्चिम घाटातल्या वाऱ्यात उडणाऱ्या पानाचा वेग मोजून कुणी डोंगराचं वजन सांगू लागलं तर आपण विश्वास ठेवू का? तारा मात्र वाऱ्याने हलत नाही. म्हणून गेंझेल यांचा गट आणि आंद्रेआ गेझ यांचा गट १९९० च्या दशकापासून तिथल्या एकेका ताऱ्यामागे लागले, तेही अवरक्तातच. एक तारा १६ वर्षांत पूर्ण फेरा मारतो. मे २०१८ मध्ये तो कृष्णविवराच्या अगदी जवळून सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने गेला. ताऱ्यांवरून वजन आलं सुमारे ४३ लाख सूर्य. गेंझेल आणि गेझ यांना २०२० च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. चाळीस वर्षांपूर्वी वायूने दिलेलं उत्तर जवळपास बरोबर होतं, पण ताऱ्यांनी पडताळणी केल्याशिवाय ते पक्कं मानता येत नव्हतं.

मग आता वायूच्या रेषांचा उपयोग काय? ताऱ्यांनी वजन दिलं, पण तिथे काय चाललंय ते वायूच सांगतो. कड्याच्या आत एक बरीच रिकामी पोकळी आहे आणि तिच्यात तापलेल्या वायूचे तीन-चार पट्टे वळत आत येतात, छोट्या भोवऱ्यासारखे. कड्यावर हायड्रोजनच्या रेणूची २.१२ मायक्रॉनची रेष चमकते, म्हणजे तिथे वायू आदळून किंवा अतिनील प्रकाशाने तापला आहे. मध्याजवळ एक छोटीशी पोकळी ताऱ्यांच्या वाऱ्याने कोरल्यासारखी आहे, आणि तिच्या आसपास लोखंडाची २.२२ मायक्रॉनची रेष उठून दिसते. लोखंडात आयुष्य घालवलेल्या माणसाला इथं थांबावंसं वाटतंच. अवकाशातलं बहुतेक लोखंड धुळीच्या कणांत अडकलेलं असतं, वायूत सापडत नाही. ते वायूत दिसतंय म्हणजे जोराच्या धडकेने कण फुटून मोकळं झालं असणार. आम्ही वाळूचा साचा फोडून कास्टिंग काढतो तसा काहीसा प्रकार.

निऑनच आणखी एक गोष्ट सांगतो. त्याचा एक इलेक्ट्रॉन काढायला २१.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरच्या ऊर्जेचं माप) लागतात, चौथा काढायला ९७. चार इलेक्ट्रॉन गमावलेला निऑन १४.३ मायक्रॉनवर रेष देतो. साधे तापलेले तारे एवढी ऊर्जा देत नाहीत, म्हणून दुसऱ्या दीर्घिकेच्या मध्यात ही रेष जोरात दिसली की समजावं, तिथलं कृष्णविवर सध्या खातंय. धुळीआड लपलेलं असलं तरी कळतं. एनजीसी १०६८ या सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत असंच आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्यात मात्र एकच इलेक्ट्रॉन गमावलेला निऑनच भरपूर. याचा अर्थ तिथला वायू तापवतात ते तारे, कृष्णविवर शांत आहे.

ते शांतपण मोडणार अशी हवा २०११ नंतर झाली. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून एक वायूचा ढग सापडला, पृथ्वीच्या तिप्पट वजनाचा असावा असा अंदाज होता, थेट कृष्णविवराकडे निघालेला. जी-२ त्याचं नाव. हायड्रोजनची ब्रॅकेट-गॅमा ही २.१६६ मायक्रॉनची रेष वर्षानुवर्षं सरकत गेली. सेकंदाला ३ हजार किलोमीटर म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा शंभरावा भाग, तेव्हा रेष २.१८८ च्या आसपास पोचली. २०१४ मध्ये ढग कृष्णविवरापासून सुमारे २५ अब्ज किलोमीटरवरून वळला आणि रेष उलट्या बाजूला गेली, कारण आता तो आपल्याकडे येत होता. अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणी सज्ज होत्या, पण आतषबाजी झाली नाही. ढग ओढला गेला, ताणला गेला, तरी पूर्ण विखुरला नाही. त्याच्या पोटात एखादा तारा लपला असेल आणि तो वायूला धरून ठेवत असेल, असं एक मत आहे. निव्वळ वायूच आहे, असं दुसरं. २०२० मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीच्या नोंदींतून गेझ यांच्या गटाने असे आणखी चार जाहीर केले: दिसायला वायू, चालायला ताऱ्यासारखे. वायू आहे की तारा, हे ठरवायला या सगळ्यांच्या हायड्रोजनच्या रेषा पुन्हापुन्हा मोजून, प्रत्येक किती सरकली आणि किती पसरली ते आधीच्या मोजमापांशी ताडून पाहावं लागतं.

हे शेवटचं सांगून झालं तेव्हा मामा दारात आले. पूजा झाली तरी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या हीटची तयारी करायची होती. मुलीने त्यांच्या हातातली नवी चकती घेतली आणि विचारलं, "काका, हिच्यातलं लोखंड २.२२ वर दिसेल?" मी सांगितलं, या मशीनवर नाही दिसणार, हे अतिनीलात आणि दृश्य प्रकाशात बघतं. शिवाय त्या रेषेला फार विरळ वायू लागतो, आणि ठिणगीत अणू एकमेकांना निवांत बसू देत नाहीत.